तिसऱ्या खाटेचं भाडं

बोटीतून उतरल्यावर पहिलं काम होतं खोली शोधण्याचं. ते तासाभरात उरकेल, असं वजाबाकींचं म्हणणं होतं.

वजाबाकी हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. घरोघरी फिरून पाण्याचे मीटर वाचण्याची नोकरी त्यांनी निवृत्त होईपर्यंत केली. समोरच्यानं कुठलाही आकडा सांगितला की त्यातून काहीतरी कमी केल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही, म्हणून ऑफिसातल्या मंडळींनी हे नाव ठेवलं आणि ते अंगाला चिकटलं. त्यांच्या बायकोला सगळे काकू म्हणत. काकू शिवणकाम करत. नवे कपडे थोडे, दुरुस्तीची कामं जास्त. कुणाची कंबर वाढवायची, कुणाच्या बाह्या आखूड करायच्या. माणूस दारातून आत आला की काकूंची नजर आधी त्याच्या मनगटावर जायची आणि मग तोंडावर.

ही बेटावरची सहल साधी नव्हती. लेकीनं आईला आपल्याकडे राहायला बोलावलं होतं. तिच्या घरात एकच छोटी खोली रिकामी होती, तीही एकटीपुरती. "आई, तू ये. बाबांचं आणि आमचं चार दिवसही जमायचं नाही," असं ती स्पष्ट बोलली होती. काकूंनी ही गोष्ट नवऱ्याच्या कानावर घातली, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "एकदा फिरायला जाऊ. तुला समुद्र बघायचाय ना केव्हापासून? कुठं म्हणून भाव करणार नाही. मग ठरव."

काकूंनी नवऱ्यासाठी नवा तपकिरी कोट शिवला. बाही बरोबर मनगटाच्या हाडावर आणून सोडली. निघताना त्यांच्या खांद्यावरचा दोरा झटकत त्या म्हणाल्या, "हे शेवटचं हं. पुन्हा ते सुरू झालं, तर परत येताना मी तुमच्याबरोबर घरी येणार नाही. सरळ लेकीकडे जाईन."

"बघच तू," वजाबाकी म्हणाले.

हिवाळ्यात बेटावर कुणी जात नाही, म्हणून सगळं स्वस्त असतं, हा त्यांचा सिद्धांत. पण कुणीच येत नाही म्हणून निम्म्याहून जास्त लॉज कुलूप लावून बसतात, आणि उरलेले तोंडाला येईल तो दर सांगतात, हे त्यांच्या सिद्धांतात बसलेलं नव्हतं. दुपार कलायला लागली होती. समुद्रावरून धुकं शहरात शिरत होतं, आणि गल्ल्या इतक्या अरुंद की पिशवी पोटाशी धरून चालावं लागायचं. पहिल्या लॉजमध्ये खोली चांगली होती, पण दर ऐकून वजाबाकींच्या कानाची पाळी लाल झाली. दिलेला शब्द आठवून ते फक्त "नको" म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी खिडकी उघडली की समोर भिंत, हात लांब केला तर टेकेल एवढ्यावर. तिसऱ्याच्या खाली मासे ठेवायचं शीतगृह होतं, आणि जमिनीतून अखंड घरघर ऐकू येत होती. चौथ्यानं खोली स्वस्त सांगितली. मग ऊब वेगळी, गरम पाणी वेगळं, पांघरूण वेगळं.

"उशीचा अभ्रा तरी ह्याच्यात आला का?" काकूंनी विचारलं.

"तो धुवायचे पैसे वेगळे," लॉजवाला शांतपणे म्हणाला.

काकूंचे पाय भरून आले होते. "अहो, पहिली घ्या की! एवढं काय मेलं वाचवायचंय? वर घेऊन जाणार आहात?"

"भाव केला का मी? नाही ना केला? नको म्हणायलाही बंदी आहे का?"

"तुम्हाला ना एकदा कुठंतरी सोडून यायला हवं."

असे वाद घालत दोघं एका चढावरच्या घरापाशी पोचले. तिथल्या खिडकीत दिवा नव्हता, पण दिव्याची जागा होती: काचेला लागून एक फळी, आणि तिच्यावर जुन्या काजळीचा गोल डाग. घरमालकीण उंच, हाडकुळी, आवाज खाली ठेवून बोलणारी बाई होती. दोघांची खोली तिनं सांगितली, तिचा दर पहिल्या लॉजएवढाच.

"आणि वरची?" वजाबाकींनी विचारलं. जिन्याचं दार उघडं होतं आणि वर तीन खाटा दिसत होत्या.

"ती तिघांची. तिघं असतील तर स्वस्त पडते. दोघांना नाही देत मी. खाट रिकामी राहिलेली मला चालत नाही."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळून चुकलं. चाळीस वर्षांच्या संसारात तो चेहरा त्या ओळखत होत्या.

"आम्ही तिघंच आहोत," वजाबाकी म्हणाले. "तिसरा पुढच्या बोटीनं येतोय."

घरमालकिणीनं एकदा त्यांच्याकडे, एकदा काकूंकडे पाहिलं. "नक्की येणार ना? इथं येणार म्हणून सांगितलं, की आम्ही त्या माणसासाठी दिवा लावतो. मग तो येईपर्यंत विझवत नाही. उगाच म्हणून कुणी बोलत नाही इथं."

"नक्की. आमचे हे... आपले..." वजाबाकी अडखळले. खोटं बोलायला ते तयार असायचे, पण पुढचा तपशील त्यांना कधी सुचायचा नाही.

काकूंना संताप आला होता. पायात गोळे, बाहेर धुकं, आणि नवरा दारात उभा राहून तोंडघशी पडतोय. त्या संतापातच त्या बोलून गेल्या, "ह्यांचा भाऊ. माझे दीर."

"कसे आहेत दिसायला? आले तर ओळखायला हवेत."

"हुबेहूब ह्यांच्यासारखे," काकू नवऱ्याकडे रोखून बघत म्हणाल्या. "आवाजसुद्धा तोच. उंचीला तेवढे चार बोटं कमी. आणि स्वभाव अगदी उलटा. भाव म्हणून कधी करत नाहीत. समोरचा मागेल ते देतात, वर राहू द्या म्हणतात. देवमाणूस."

"बरं झालं सांगितलंत," घरमालकीण म्हणाली. तिनं मागच्या खुंट्यांवर दोन कप अडकवले होते, त्यांच्या शेजारी तिसरा अडकवला. मग काडी ओढून दिवा पेटवला आणि खिडकीतल्या फळीवर ठेवला. रॉकेलचा वास पसरला.

वर खोलीत दार लावल्यावर काकू म्हणाल्या, "मोडला ना शब्द?"

"भाव कुठं केला? ती म्हणाली तेवढेच दिले. आणि भाऊ तू काढलास, मी नाही. मला तर सख्खा काय, चुलतसुद्धा नाही कुणी!" आणि ते हसले. त्यांना मनापासून गंमत वाटली होती. काकू भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शहर पाहिलं. काकूंनी समुद्र पाहिला. तो राखाडी होता आणि फार जवळ होता, पायऱ्यांच्या अगदी खाली येऊन चाटत बसलेला. दुपारी परतले, तेव्हा खिडकीत दिवा नव्हता.

"आले तुमचे भाऊ," घरमालकीण म्हणाली. "फार गारठले होते. वर पडलेत."

वजाबाकींनी काकूंकडे पाहून डोळा मारला. जिन्यात हळूच म्हणाले, "चाचपून बघतेय आपल्याला. आपण हूं की चूं करायचं नाही."

खोलीत कुणी नव्हतं. पण तिसऱ्या खाटेवरचं पांघरूण बाजूला झालेलं होतं आणि गादीत माणूस पडून उठल्यासारखा खळगा होता. काकूंनी हात लावला. गादी ओली होती. पाण्यानं नव्हे, दमटपणानं, तळघरात ठेवलेल्या कापडासारखी. वास खारट. दारापासून खाटेपर्यंत ओल्या पावलांचे ठसे होते, आणि परत जाणारे मात्र नव्हते.

"बाईनं केलेले असणार," वजाबाकी म्हणाले. पण त्यांनी डोळा मारला नाही.

"आपण खरं सांगून टाकू या. मला नाही आवडत हे."

"आणि वरचा फरक कोण भरणार?"

हिवाळ्यातला अंधार लवकर पडला. शहरात दिवेलागण झालेली, खाली भांड्यांचे आवाज चाललेले. दोघं आपापल्या खाटेवर अंग टाकून पडले होते. आधी वजाबाकींचा श्वास ऐकू येत होता, नाकातून थोडी शीळ घालणारा, काकूंच्या सवयीचा. मग काकूंच्या लक्षात आलं की शीळ दोन ठिकाणांहून येतेय. एक डावीकडून. एक उजवीकडून, तिसऱ्या खाटेवरून. दोन्ही अगदी बरोबरीनं, एकाच लयीत. त्यांनी उठून बटण दाबलं. तिसऱ्या खाटेवर कुणीच नव्हतं.

खुंटीवरचा तपकिरी कोट मात्र ओला होता. खांद्यापासून गच्च. आणि त्याच्या दोन्ही बाह्या नीट दुमडून वर घेतलेल्या होत्या, चार बोटं.

सकाळी पाव आणायला वजाबाकी खाली कोपऱ्यावर गेले ते आनंदात परतले. "अगं, ऐक तर! बेकरीवाला पैसेच घेईना. म्हणतो, तुमच्या भावानं काल देऊन ठेवलेत. मोड घ्या म्हटलं तर राहू द्या म्हणाले. फार मोठ्या मनाचा माणूस, म्हणतो!" ते पावाची पिशवी हलवत होते. "चहावाल्याकडेही देऊन ठेवलेत. आता एक दिवस आणखी राहिलो तरी..."

"अहो!" काकू ओरडल्या. "तुमची शुद्ध आहे का ठिकाणावर? कुणी दिले ते पैसे? कोण हिंडतंय गावात तुमचं तोंड लावून?"

पिशवी हलायची थांबली.

काकू एकट्याच खाली गेल्या. घरमालकीण कप विसळत होती. काकूंनी तिला सगळं सांगून टाकलं. दीर नाही, कधी नव्हता, खोली स्वस्त मिळावी म्हणून बोललो, जो काय फरक असेल तो घ्या आणि आम्हाला सोडा.

घरमालकिणीचा हात थांबला. रागावली नाही, हे काकूंना जास्त लागलं.

"तुमच्याकडे असं बोलतात वाटतं... नसलेल्या माणसाला येतोय म्हणून."

"चुकलं आमचं."

"आमच्याकडे बोटी निघतात, त्या सगळ्या पोचत नाहीत. माणसं निघतात, पोचत नाहीत. दिवा बघत बसलेली असतात कुठंकुठं... त्यांना जागा नसते. तुम्ही जागा केलीत. नाव दिलंत, रूप दिलंत, स्वभावसुद्धा दिलात." तिनं कप खुंटीला लावला. "मग कुणीतरी येणारच ना, बाई."

"आता काय करायचं?" काकूंनी विचारलं.

"सांगितलंत तसं वागा. तिघं आलात म्हणालात ना? तिघं जा. तीन तिकिटं काढा. पलीकडे उतरलं की ते आपल्या वाटेनं जातं, मागं वळून बघू नका."

"आणि... दोनच काढली तर?"

घरमालकिणीनं ओले हात पदराला पुसले नाहीत, तसेच धरून ठेवले. "दोन काढलीत," ती म्हणाली, "तर दोघंच जातील."

काकू वर गेल्या. नवऱ्याला त्यांनी खाटेवर बसवलं आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. वजाबाकी हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता. खाली मान घालून म्हणाले, "काढतो तीन. काढतो म्हटलं ना. तू लेकीकडे जाऊ नकोस म्हणजे झालं."

चाळीस वर्षांत असं कधी बोलले नव्हते. काकूंना भरून आलं. त्यांनी त्याच वेळी मनात ठरवून टाकलं होतं की लेकीला नाही म्हणून कळवायचं. पण हे मोठ्यानं बोलायचं राहून गेलं. बोटीची वेळ झाली होती.

धक्क्यावर धुकं होतं. कोट अजून वाळला नव्हता, म्हणून वजाबाकी अंगात नुसता स्वेटर घालून आले होते. कोट त्यांनी तिकिटाच्या खिडकीशेजारच्या बाकावर ठेवला. "तू पिशव्या घेऊन पुढं हो, जागा धर. मी आलोच."

"तीन," काकू म्हणाल्या.

"तीन, बाई, तीन."

काकूंनी खिडकीजवळची जागा धरली. काचेवर वाफ धरली होती, ती पुसून त्या बाहेर बघत बसल्या. तिकिटाची खिडकी तिथून दिसत होती. वजाबाकी खिडकीत वाकलेले. आतल्या कारकुनानं तीन बोटं वर केली. मग काहीतरी म्हणाला, बहुधा दर. परतीचा दर जाण्यापेक्षा जास्त असावा, कारण वजाबाकींची पाठ ताठ झाली. काकूंना ती पाठ माहीत होती. "नका हो," त्या काचेलाच म्हणाल्या. "नका, नका, नका..."

वजाबाकींनी मान हलवली. तर्जनी आणि मधलं बोट, अशी दोन बोटं वर केली.

नंतरही ते तिथंच उभे होते. हिवाळी सवलतीची पाटी दाखवून हुज्जत घालत होते. धुकं मध्ये आलं. काकू उठू लागल्या, तेवढ्यात शेजारची जागा दबली आणि तपकिरी कोटाचा ओला कोपरा त्यांच्या दंडाला लागला.

"आलात बाई एकदाचे!" काकूंचा जीव भांड्यात पडला आणि लगेच राग उसळला. काचेकडे बघतच त्या म्हणाल्या, "दोन काढलीत ना? बघितलं मी. जन्मात सुधारणार नाही तुम्ही. जा, तिसरं घेऊन या आधी."

मांडीवर दोन तिकिटं येऊन पडली.

इंजिन सुरू झालं. बोटीवरचा चहावाला समोर आला, दोन पेले दिले आणि दर सांगितला. धक्क्यावरच्या चहाच्या तिप्पट. काकू वाट बघत राहिल्या. आता म्हणतील, 'हा काय चहा आहे की औषध?' आता म्हणतील, 'एकच दे, दोघांत घेऊ.'

शेजारच्या हातानं नोट पुढं केली.

"राहू दे वरचे," नवऱ्याचा आवाज म्हणाला.

काकूंनी तोंडाकडे पाहिलं नाही. सवयीनं नजर मनगटावर गेली. मनगट दिसतच नव्हतं. त्यांनी स्वतः माप घेऊन शिवलेली बाही, हाडावर सोडलेली, ती बोटांच्या पेरांवर उतरली होती आणि तिच्यातून पाणी टपकत होतं.

बोट सुटली. धुक्याला फट पडली, आणि धक्क्याच्या टोकाकडे स्वेटर घातलेला एक माणूस धावत येताना दिसला. दोन्ही हात वर करून तो ओरडत होता. इंजिनाच्या आवाजात त्याचे शब्द कळत नव्हते, नुसतं उघडं तोंड दिसत होतं. त्याच्या मागून उंच, हाडकुळी घरमालकीण सावकाश चालत आली आणि तिनं त्याचा दंड धरला, आजारी माणसाला घरात न्यावं तसा.

"थांबवा," असं काकू म्हणाल्या. म्हणाल्याच असणार. पण शेजारी बसलेल्या माणसांनी मान वर केली नाही, चहावालाही पुढं निघून गेला. आवाज फुटला होता की नुसतेच ओठ हलले, ते त्यांना आजही कळत नाही.

"चहा गार होतोय, अगं," तो म्हणाला.

पलीकडे उतरल्यावर तो आपल्या वाटेनं गेला नाही. त्याच्याकडे नवऱ्याचं तिकीट होतं.

काकू त्यानंतर दोनदा बेटाच्या बोटीपर्यंत जाऊन आल्या. एकदा वादळ, एकदा बोट दुरुस्तीला. दोन्ही वेळा तो त्यांना न्यायला आला होता, धक्क्याबाहेर, रिक्षा थांबवून. रिक्षावाल्याला वरचे पैसे त्यानं देऊन ठेवले होते.

सगळी गल्ली आता त्याच्यावर खूश आहे. भाजीवाली त्याला आधी माल दाखवते. लेक येऊन राहून गेली, जाताना आईला मिठी मारून म्हणाली, "आई, बाबा किती बदलले गं! आता तू त्यांना सोडून कशाला येतेस माझ्याकडे? बेटावर काय जादू केलीस?" काकूंनी सांगायला तोंड उघडलं. तो दारात उभा होता, हसऱ्या चेहऱ्यानं. लेकीच्या प्रवासाचे पैसे त्यानं आधीच तिच्या पर्समध्ये ठेवले होते.

कोट खुंटीला असतो. "बाह्या जरा आखूड करून दे ना," असं तो अधूनमधून म्हणतो, काही जबरदस्ती नाही. काकू कात्री हातात घेतात आणि खाली ठेवतात. तो कोट अजून वाळलेला नाही.

संध्याकाळ झाली की काकू खिडकीत दिवा लावतात. विजेचा नाही, रॉकेलचा, मुद्दाम शोधून आणलेला. समोरच्या बाईंनी विचारलं, कुणासाठी? तर मोठ्यानं, गल्लीभर ऐकू जाईल असं काकूंनी सांगितलं, "हे यायचेत. पुढच्या बोटीनं."

तो मागून येतो. ओल्या पावलांचा आवाज होत नाही, फक्त खारट वास आधी येतो. काकूंच्या खांद्यावरून लांब बाही पुढं येते आणि वात खाली करते.

"उगाच कशाला जाळतेस?" तो मायेनं म्हणतो. "आलेत की सगळे."